परड्यातला डोळा

ट्रॅम्पोलिन कोयत्याने कापलं की आधी एक लांब सुस्कारा येतो आणि मग स्प्रिंगा फटाफट सुटतात. दोन नंबरच्या परड्यात हे चाललं होतं तेव्हा मी कुंपणावर चढून बघत होते. त्यातली एक स्प्रिंग उडाली ती थेट केसरकरकाकूंच्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं तशा त्या मटकन खाली बसल्या. कोयता हातात असलेले मगदूमकाका क्षणभर थांबले, "वहिनी, आत जाऊन बर्फ लावा," म्हणाले आणि पुन्हा कापायला लागले.

मगदूमकाका आमच्या शेजारचे, चार नंबरवाले. माझी जिवाची मैत्रीण सानिका, तिचे बाबा. कॉलेजात भूगोल शिकवतात. झुरळ मारायचं असलं तरी सानिकाला हाक मारतात. अशा माणसाच्या हातात कोयता कुठून आला ते कळायचं तर आधी डोळ्याबद्दल सांगायला पाहिजे.

सांगलीत हरिपूर रस्त्याला आमची आठ घरांची ओळ आहे. प्रत्येक घराच्या मागे बारा बाय वीसचं परडं. कृष्णा लागोपाठ दोन वर्षं घरात शिरली, तेव्हापासून एकट्यादुकट्या घराचा विमा उतरवायला कुणी तयार होईना. अख्ख्या ओळीचा मिळून एक विमा, नाहीतर नाहीच. तो द्यायला एकच कंपनी पुढे आली, आणि ती येताना डोळे घेऊन आली.

डोळा म्हणजे परड्यात भिंतीवर बसवलेली बशीएवढी पांढरी चकती. तिच्यात कॅमेरा नाही, रडार आहे. ते काही मिलिमीटर लांबीच्या लहरी सोडतं, त्या अंगावर आपटून परत येतात आणि त्यावरून आपला कुठला सांधा कुठे आहे ते त्याला सेकंदाला शंभर वेळा समजतं. खरी गंमत पुढे आहे. माणूस पडतो तो एकदम पडत नाही. जमिनीवर आदळायच्या एक-दीड सेकंद आधीच त्याचं शरीर पडायला लागलेलं असतं. वजनाचा मध्य पायांच्या बाहेर सरकतो, पोटरी थरथरते, बोटं नको तितकी आवळतात. त्याला स्वतःला याचा पत्ता नसतो. डोळ्याला असतो, कारण जगभरातल्या लाखो पोरांची पडणी पाहून तो शिकलेला आहे. त्या हिशेबाने तो परड्यातल्या प्रत्येक खेळण्याला अंक देतो. शून्य म्हणजे अंथरलेली सतरंजी. शंभर म्हणजे हाड मोडणारच.

दुसऱ्याचं पोर आपल्या परड्यात पडलं तर त्याची भरपाई घराच्या विम्यातूनच जाते, म्हणून कंपनीला एवढी काळजी. नियम सरळ होता. कुठलंही खेळणं चाळीसच्या वर जाता कामा नये. आणि आठ घरांत ज्याचा अंक सगळ्यांत वाईट, तोच अख्ख्या ओळीचा अंक.

पहिला महिना सगळे खूश होते. केसरकरांचा नातू घसरगुंडीच्या कठड्यावर उभा राहिला तेव्हा डोळ्याने ओरडून काकूंना बाहेर काढलं आणि त्यांनी त्याला हवेतच झेललं. काकूंनी डोळ्याची दृष्ट काढली. दुसऱ्या महिन्यात त्याच काकूंच्या ट्रॅम्पोलिनचा अंक एकसष्ट आला आणि त्या ते काढायला तयार होईनात. मग मगदूमकाका कोयता घेऊन गेले.

त्यानंतर सहा नंबरच्या बिरनाळ्यांचा झोपाळा. बिरनाळेकाका झोपाळ्यावर मांडी ठोकून बसले होते. चौघांनी त्यांना साखळीसकट ओढलं, त्यांची करंगळी कडीत अडकली आणि उलटी वळली. मी तो कडकन आवाज आमच्या गच्चीवरून ऐकला. खोटं कशाला सांगू, भीती वाटायच्या आधी मला मजा वाटली. शाळेत मी तो आवाज सुपारी फोडून करून दाखवला.

आता आमचं परडं. आमच्या परड्यात मल्लखांब आहे. सागवानी, साडेआठ फूट उंच, एरंडेल पिऊन पिऊन काळा झालेला. माझी कुमुदआत्या आमच्याकडेच राहते, तीच माझी गुरू. आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. खांबावर पहिल्यांदा ताजवा साधला, म्हणजे खांबाच्या टोकाच्या बोंडावर पोट टेकून हातपाय पसरून तरंगले, त्यानंतर माझी बडबड थांबलेली नाही. यंदा दहावीत राज्य निवडीला माझं नाव होतं.

डोळ्याने आमच्या खांबाला सत्त्याण्णव अंक दिला. देणारच. त्याने पाहिलेल्या लाखो पोरांत डोकं खाली आणि पाय वर म्हणजे पडणंच. आत्या त्यावर कंपनीशी दीड महिना भांडली, आणि निकाल लागेपर्यंत तो अंक ओळीत धरायचा नाही असं लिहून घेतलं. "तुमच्या यंत्राला खांब माहीत नाही, तर शिकवा की त्याला," म्हणाली. शेवटी कंपनीने कबूल केलं. चाळीस दिवस मी रोज पहाटे त्या डोळ्यासमोर अढी, बगली, दसरंग, सुईदोरा असं सगळं करून दाखवलं, आणि डोळा शिकला. अढी, म्हणजे मांडीत खांब आवळून उलटं लटकणं, ही बसण्यासारखीच आहे, हे त्याला पटलं. अंक अडतीस झाला. अट एकच, आमचा डोळा कायम उघडा पाहिजे.

आणि आम्ही तो मिटला.

खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं परड्यात पाटावर मांडतात. आत्याची कात्री, विळी, बाबांचे पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर, कारण बाबा प्रयोगशाळेत सहायक आहेत. खांबाला झेंडूचा हार. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, त्याला विश्रांती द्यायची.

आत्या हळदीकुंकवाचं बोट घेऊन डोळ्यासमोर उभी राहिली. "याला काय करायचं गं?"

"हा पण हत्यारच की," मी म्हणाले.

"मग याला पण आज सुट्टी. वर्षभर राबतोय बिचारा. आपण सगळ्यांनी बसायचं आणि हा काय वेठबिगार आहे काय जागत बसायला?"

आम्ही दोघी हसलो. बटण मी दाबलं. हिरवा दिवा गेला, आत्याने त्याच्या मधोमध हळदीकुंकू लावलं आणि छोटा हार घातला. दसऱ्याच्या सकाळी आंघोळ झाल्यावर मीच तो पुन्हा चालू केला.

दहा वाजता ओळीतल्या आठही घरांत एकच निरोप आला. तीन नंबरचा डोळा वीस तास बंद होता. बंद डोळ्याआड काय झालं ते कळायला मार्ग नाही, म्हणून घडू शकणारं सगळ्यात वाईट घडलं असं धरलं आहे. ओळीचा अंक शंभर. दुपारी चारच्या आत साधन जमिनीतून काढलं नाही तर आठही घरांचा विमा संपला.

बाबांनी कंपनीला बावीस फोन केले. सणाची सुट्टी, उचलणार कोण. तिकडे परतीच्या पावसाने कोयनेतून पाणी सोडलं होतं आणि आयर्विन पुलाजवळ नदी अडतीस फुटांवर चढत होती. धोक्याची पातळी पंचेचाळीस. ओळीतला जो तो फोनमध्ये पुलाचा आकडा बघत होता.

तीन वाजता मगदूमकाका आले. बरोबर बिरनाळेकाका, करंगळीला पट्टी, आणि केसरकरांचा थोरला मुलगा. मागे सानिका. काकांच्या अंगात नवा कुडता होता. त्यांनी आधी खिशातून आपट्याची पानं काढून बाबांच्या हातात दिली. "सोनं घ्या, भालचंद्रराव." बाबांनी घेतलं, त्यांना दिलं. दोघांनी गळाभेट घेतली. मग काका म्हणाले, "खांब काढायचाय."

"उद्या कंपनी उघडली की बोलतो मी."

"उद्यापर्यंत पाणी आत येईल. तुम्ही एवढे शिकलेले, आणि यंत्राला हार घालून झोपवलंत?"

"चूक झाली. पण आज दसरा आहे, विजयराव. आज खांब पाडू नका. माझी बहीण..."

"तुमच्या बहिणीच्या हौसेपायी मी दुसऱ्यांदा घर घालवू?"

केसरकरांच्या थोरल्याने पाठीमागे धरलेली कुऱ्हाड पुढे केली. बाबा दोन्ही हात पसरून खांबासमोर उभे राहिले. बाबा बारीक आहेत. बिरनाळेकाकांनी त्यांना नुसतं बाजूला सारलं, निदान तसा त्यांचा इरादा असावा, पण बाबा धुण्याच्या दगडावर मागे पडले आणि डोकं दगडाच्या कडेला लागलं. रक्ताची रेघ मानेवरून आत सदऱ्यात गेली. आत्या किंचाळली नाही. तिने पाटावरची विळी उचलली. केसरकरांच्या थोरल्याने तिच्या मनगटावर लाथ मारली, विळी उडाली, आणि त्याच्याच कोपराने आत्याचा पुढचा दात पडला. ती ओंजळीत थुंकली आणि हातातल्या दाताकडे बघत राहिली.

मी खांबाकडे धावले. सानिकाने माझी वेणी धरली.

"मृणू, थांब. करू दे त्यांना."

"सोड."

"चार वाजता सगळं जाणार आहे गं. तुला कळत कसं नाही?"

मी तिच्या मनगटाला चावले. जोरात, खारट लागेपर्यंत. तिने वेणी सोडली नाही, तेव्हा मीच डोकं हिसडलं. केसांचा एक झुबका तिच्या मुठीत राहिला आणि मी सुटले. दोन ढांगांत खांब, उडी, दसरंग, दसरंग, आणि मी बोंडाजवळ उलटी. अढी घट्ट, डोकं खाली, हात मोकळे.

"उतर," मगदूमकाका म्हणाले. कुऱ्हाड आता त्यांच्या हातात होती.

"नाही उतरत. घाला घाव."

मला वाटलं होतं ते घालणार नाहीत. मी त्यांच्या घरी पहिलीपासून जेवत आले होते. त्यांनीच मला सायकल शिकवली होती. त्यांनी वर माझ्या उलट्या तोंडाकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि पहिला घाव घातला.

खांबातून घाव अंगात येतो तो दातांत कळतो. दुसऱ्या घावाला पांढरी ढलपी उडाली. "काका, मी वर आहे," मी म्हणाले. त्यांनी तिसरा घातला. डोळा बोलायला लागला, त्या गोड बाईच्या आवाजात. "धोका. व्यक्ती पडू शकते. अंक ब्याण्णव." चौथा. "अंक चौऱ्याण्णव." सगळ्यांना ऐकू जात होतं. केसरकरांचा थोरला "विजयदादा, पुरे" म्हणाला. काकांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येत होता आणि त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हतेच, ते खांबाच्या बुडाकडे होते. सोळावा घाव बसला तेव्हा खांब पहिल्यांदा कुरकुरला.

सतराव्या घावासाठी कुऱ्हाड मागे गेली, आणि मी सुटले.

माझे दोन्ही पाय त्यांच्या उजव्या खांद्यावर आले. त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचं मला तळव्यांत कळलं. आम्ही दोघंही पडलो. कुऱ्हाड हातून निसटून त्यांच्याच डाव्या पायावर आली, चप्पल कापून आत. काका मुलासारखे ओरडले. सानिका त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसली आणि ओढणीने गुंडाळत राहिली, ओढणी लगेच जड झाली. मला खरचटलंसुद्धा नाही.

काकांची तीन बोटं गेली. खांब तसाच उभा राहिला, बुडाशी निम्मा चिरलेला. पाणी बेचाळीस फुटांवर थांबलं आणि उतरलं. विम्याचं कंपनीने चौकशीपर्यंत लटकत ठेवलं.

चार दिवसांनी चौकशीसाठी कंपनीच्या दिवटे मॅडम येणार होत्या. त्या सकाळी सानिका आली. मनगटावर माझ्या दातांचा निळा गोल होता.

"पडले म्हण," ती म्हणाली.

"मी पडले नाही."

"मला माहितीय. तू कधी पडत नाहीस. पण म्हण की. पडली म्हणजे अपघात, अपघात म्हणजे बाबांचा पाय विम्यातनं नीट होतोय. तुझ्यावर केस नाही, त्यांच्यावरपण नाही. काय जातंय तुझं?"

"त्यांनी मी वर असताना सोळा घाव घातले."

तिने बाही ओढून मनगटावरचा गोल झाकला. मग म्हणाली, "आमचं आधीचं घर पुरात गेलं ना, तेव्हा आजी माळ्यावर होती. बाबा दोर घेऊन गेले तोवर भिंत बसली. ते तुला कधी सांगितलं नाही मी." दारात वळली. "पडले म्हण, मृणू."

दिवटे मॅडम परड्यात खुर्ची टाकून बसल्या. त्यांच्या हातातल्या टॅबच्या पाटीवर रेघांनी काढलेली एक उलटी मुलगी होती. मी. त्यांनी ती मुलगी हळूहळू खाली सोडली, परत वर नेली.

"घावांमुळे खांब थरथरत होता," त्या म्हणाल्या. "त्यात तुझ्या पायांची थरथर मिसळली. डोळ्याला निवाडा करता येत नाही. म्हणून तू जे सांगशील ते इथे नोंदवायचं, आणि त्यावरून डोळा शिकेल. पडलीस असं लिहिलं तर मल्लखांब धोक्याचा, हा एकटाच नाही, जिथे जिथे आमचा डोळा आहे तिथले सगळे. तालमीतले, शाळांतलेसुद्धा. उडी मारलीस असं लिहिलं तर खांबाचा दोष नाही. मग जे झालं ते तू केलंस. इजा करायला म्हणून केलेल्याला विमा नसतो, हेही सांगून ठेवते."

"ती पडली," बाबा म्हणाले. डोक्याला बँडेज होतं. "मी बघितलंय. घाबरून हात सुटला तिचा."

हात. अढीत हात लागतच नाहीत. मी आत्याकडे पाहिलं. ती दात नसलेलं तोंड पदराने झाकून खांबाकडे बघत होती.

मला राज्य निवड दिसत होती, सानिका दिसत होती, काकांचा पाय दिसत होता. आणि सगळ्यांत जास्त दिसत होती ती पाटीवरची मुलगी. तिच्या पायांची पकड इतकी सुरेख होती की तिला पडलेली म्हणणं माझ्या जिभेवर येईना.

"मी उडी मारली," मी म्हणाले. "कुऱ्हाड मागे जायची वाट बघितली. ती खाली असताना मारली असती तर माझेच पाय कापले असते. उजव्या खांद्यावर नेम धरून मारली. लागावं म्हणूनच मारली."

मॅडमनी पाटीवर खूण केली. बाबा उठले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. कान वाजायला लागला. भिंतीवरच्या डोळ्याचा हिरवा दिवा चालूच होता.

महिन्याभरात डोळ्याची नवी आवृत्ती आली आणि ओळीतल्या फाटकांवरही डोळे बसले. मल्लखांबाचा अंक अकरा झाला, ओळीचा विमा राहिला. त्याहून मोठं म्हणजे, डोळा माझ्या जबाबातून जे शिकला ते कंपनीलाही अपेक्षित नव्हतं. सोळा घाव, एक उडी, विळी, लाथ, चावा, थोबाडीत, या सगळ्याचा त्याने हिशेब मांडला आणि धोका खेळण्यांत नसून माणसांत आहे असं ठरवलं. ट्रॅम्पोलिन परत आलं, झोपाळा परत लागला. त्यांचे अंक पंधरा-सोळा. आता अंक आम्हाला आहेत. बाबांचा चव्वेचाळीस, त्या एका थोबाडीत मारण्यापायी. माझा सत्त्याऐंशी. मी कुठल्याही घरासमोरून गेले की तिथला डोळा तो हळू आवाजात घरच्यांना सांगतो, आणि झोपाळ्यावरचं पोर आत बोलावलं जातं. मी दर शनिवारी बाल न्याय मंडळापुढे जाते. राज्य निवडीतून नाव गेलं. सानिका शाळेत माझ्यापासून दोन बाकं लांब बसते. काकांच्या पायाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला त्यांनी स्कूटर आणि अंगठ्या विकल्या, हे मला तिच्याकडून नाही, भाजीवालीकडून कळलं.

काल सकाळी शाळेला निघाले तर मगदूमकाका काठी घेऊन फाटकात उभे होते. दवाखान्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदाच बाहेर. दोन्ही घरांचे डोळे एकदम बोलले. समोरच्या दोन खिडक्या लागल्या.

"किती?" काकांनी विचारलं.

"सत्त्याऐंशी. तुमचा?"

"ब्याऐंशी." ते काठीच्या टोकाकडे बघत म्हणाले, "मी वर बघितलं नव्हतं. पहिल्या घावानंतर एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर घालता आला नसता."

"मी बघत होते," मी म्हणाले. "सगळा वेळ तुमच्याकडंच."

त्यांनी मान हलवली. कोपऱ्यापर्यंतचा रस्ता अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस नीट चालू शकतो. त्यांनी काठीने पुढे खूण केली.

"तू हो पुढं. तुझ्याकडं पाठ करून नाही चालवणार मला."

मी दप्तर सारखं केलं आणि पुढे झाले. मागे त्यांची काठी टकटक येत होती, कधी जवळ, कधी जरा लांब. कोपऱ्यापर्यंत शंभर पावलं असतील. मी एकदाही वळून बघितलं नाही.